साकुराला जायचंय? तारखेआधी थंडी मोजा

‘जपानातला साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, नक्की कुठल्या तारखेला फुलतो?’ असं कुणी विचारलं की आमचा उलटा प्रश्न ठरलेला: तुमच्या आंब्याच्या कलमांना मोहोर नक्की कुठल्या तारखेला येतो? नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडल्या तर वेळेवर, नाहीतर नुसती पालवी. साकुराचं तंत्र याहून फार वेगळं नाही. टोकियोत 2023 साली पहिली फुलं 14 मार्चला उमलली, 2024 साली 29 मार्चला. पंधरा दिवसांचा फरक, आणि एका गावातला बहर टिकतो जेमतेम आठवडा-दहा दिवस. वर्षभर आधी एकच शहर आणि चारच दिवस पक्के करून बसणाऱ्यांची गंमत इथेच होते.

साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि झोपी जातात. त्यांना जागं करते हिवाळ्यातली थंडी; त्यानंतर फुलवतं ते फेब्रुवारी-मार्चचं ऊन. थंडी कमी पडली तरी घोटाळा. म्हणूनच दक्षिणेकडचं उबदार कागोशिमा कधीकधी टोकियोच्या मागे राहतं. जपानात एक ढोबळ हिशेब चालतो: 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जायचं, बेरीज 600 झाली की फुलं आली. टोकियोत फेब्रुवारीत दुपारी सरासरी 11 अंश असतात. अठ्ठावीस दिवसांचे झाले 308, उरले 292. मार्चला रोजचे 14 धरले तर 21 दिवस लागतात, म्हणजे 21 मार्चच्या आसपास. प्रत्यक्षातली सरासरी तारीख 24 मार्च आहे. बोटांवरच्या हिशेबाला यापेक्षा काय हवं! घरी बसून फेब्रुवारीपासून ही बेरीज करत राहिलात तरी वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

जपानच्या हवामान खात्याने अंदाज देणं 2010 पासून थांबवलंय. ते आता फक्त ठरवून दिलेल्या झाडांची नोंद करतं. टोकियोचं असं झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की ‘काइका’ जाहीर होतं, ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की ‘मानकाइ’, म्हणजे भर बहर. दोन्हींत साधारण आठवड्याचं अंतर. बातमीत ‘काइका’ वाचून त्याच दिवशी पळत गेलात तर फांद्याच दिसतील. अंदाज खासगी हवामान कंपन्या देतात, जानेवारीपासून; पण मार्च उजाडेपर्यंत त्यावर फार विसंबू नका.

आमचं मत असं की तारीख पक्की करा आणि मार्ग सैल ठेवा. पहिल्या फुलांच्या सरासरी तारखा अशा: टोकियो 24 मार्च, क्योतो 26 मार्च, कानाझावा 3 एप्रिल, सेंदाई 8 एप्रिल, आओमोरी 22 एप्रिल, सप्पोरो 1 मे. समजा तुम्ही 2 ते 12 एप्रिल असे उतरलात. हंगाम वेळेवर असेल तर क्योतो भरात सापडेल. उशिरा असेल तर टोकियोही हाती लागेल. लवकर उरकला असेल तर क्योतोत हळहळत न बसता कानाझावा किंवा सेंदाई गाठायचं. त्यासाठी हॉटेलं शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत फुकट रद्द करता येतील अशीच घ्यायची, आणि पाच-सहा महिने आधी. क्योतोत भाव डोळे पांढरे करणारे असतील तर ओत्सुत राहा. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाडीने दहा मिनिटांवर आहे, शिवाय बिवा तलावाकाठी स्वतःचा साकुरा आहे.

दुसरा आधार जातींचा. सगळीकडे दिसणारा, जवळजवळ पांढरा, पानांआधी फुलणारा तो सोमेइ योशिनो. ही सगळी झाडं एकाच झाडाची कलमं, म्हणून एका गावात एकदम फुलतात आणि एकदम झडतात. ती हुकली तरी क्योतोच्या निन्नाजी देवळातला बुटका ओमुरो साकुरा एप्रिलच्या मध्याकडे फुलतो, ओसाकाच्या टांकसाळीतली दुहेरी पाकळ्यांची झाडं त्याच सुमारास आठवडाभर लोकांसाठी खुली असतात. नाराजवळच्या योशिनो डोंगरावर बहर पायथ्यापासून माथ्याकडे चढत जातो. खाली झडला असेल तर वर जायचं. टोकियोत शिंजुकु ग्योएन ही बाग घ्या, जाती भरपूर असल्याने तिथे काही ना काही फुललेलं असतंच. तिकीट 500 येन, आत दारू चालत नाही, आणि भर हंगामातल्या शनिवार-रविवारी आधी नोंदणी लागू शकते.

आता आंबा-बागायतदारांची अडचण. मार्च-एप्रिलात पेट्या भरायच्या सोडून जपानला कोण जाणार? शिमगाही कधी मार्चच्या सुरुवातीला, कधी अखेरीस. पालखी घरी यायची असेल तर ती तारीख आधी बघा. फेब्रुवारीत सवड काढता आली तर इझु द्वीपकल्पातलं कावाझु आहे, तिथली गर्द गुलाबी जात फेब्रुवारीतच फुलते. उशिरा जमणार असेल तर होक्काइदो: हाकोदातेचा तारेच्या आकाराचा गोर्योकाकू किल्ला, नाहीतर मात्सुमाए, जिथे अडीचशे जाती मे महिन्यातही पाळीपाळीने फुलत असतात. फक्त 29 एप्रिल ते 5 मे टाळा. तेव्हा अख्खा जपान सुट्टीवर असतो.

आणि झाडांत जीव असणाऱ्याने हिरोसाकी चुकवू नये. आओमोरी भागातलं हे सफरचंदांचं गाव. ‘साकुरा छाटतो तो मूर्ख, उमे छाटत नाही तो मूर्ख’ अशी जपानी म्हण आहे (उमे म्हणजे जर्दाळूसारखं एक फळझाड), कारण साकुराची जखम लवकर भरत नाही, कुजते. हिरोसाकीच्या माळ्यांनी ती म्हण बाजूला ठेवून सफरचंदाची छाटणी साकुराला लावली: म्हातारी फांदी काढायची, नवी वाढू द्यायची, कापावर औषध लावायचं. इतरत्र एका कळीतून तीन-चार फुलं येतात, इथे चार-पाच आणि कधी त्याहून जास्त. 1882 साली लावलेला सोमेइ योशिनो अजून उभा आहे. झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर फांदी दिसत नाही, नुसते गेंद. बहर सरता सरता किल्ल्याचा खंदक पाकळ्यांनी पार झाकून जातो. काही जण मुद्दाम तेवढ्यासाठी उशिरा जातात.

व्हिसाचं थोडक्यात. भारतीयांना तो आधी काढावा लागतो, आणि पर्यटनाचा एकवेळचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिनेच चालतो. म्हणून फार लवकर अर्ज करू नका. निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधीचा काळ बरा. आंब्या-काजूवर घर चालणाऱ्यांनी एक बघावं: पैसा येतो एप्रिल-मे-जूनमध्ये, आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पडतं ऑगस्ट ते जानेवारीचं, रिकामं. ऐनवेळी मोठी रक्कम भरलीत तर ती डोळ्यांत खुपते. हंगामात आलेली रक्कम आधीपासून ठेवीत ठेवा, तिची पावती, सातबारा आणि उत्पन्न हंगामी असल्याचं सरळ लिहिलेलं पत्र सोबत जोडा. ई-व्हिसा असेल तर तो विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही.

परदेशी पर्यटकांसाठीच्या जपान रेल्वे पासची जुनी शिफारस विसरा. सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 वर गेला. टोकियो-क्योतो शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, एका बाजूचे 14,000 च्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊनही पास वसूल होत नाही. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर जाणारी बॅग असेल तर त्या गाडीत खास जागा आरक्षित करावी लागते. त्याऐवजी मोठी बॅग हॉटेलातूनच कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते.

कपड्यांबाबत कोकणी माणूस हमखास चुकतो. टोकियोत तेव्हा पहाटे 5-6 अंश असतात, हिरोसाकीतही सकाळी तसाच गारठा. बहराच्या दिवसांत अचानक पडणाऱ्या थंडीला जपानीत ‘हानाबिए’ असा वेगळा शब्दच आहे. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा आत उबदार बनियन, वर पातळ जाकीट आणि वारा-पाऊस अडवणारं एक, असे तीन थर न्या.

झाडाखाली बसून खाणं म्हणजे हानामी. त्यासाठी लागते निळी ताडपत्री, पावसाळ्यात आपण लाकडांवर टाकतो अगदी तीच. तिकडे शंभर येनच्या दुकानात मिळते. चपला बाहेर काढायच्या, मुळांवर बसायचं नाही, फोटोसाठी फांदी ओढायची नाही, कचरा पिशवीत भरून परत न्यायचा. सोबत साकुरामोची घ्या: तांदळाच्या गुलाबी आवरणात गोड बीन्सचं सारण, बाहेर साकुराचं खारवलेलं पान. पानाचा सुगंध खारवल्यानंतरच येतो. पातोळ्यातलं हळदीचं पान आपण काढून टाकतो, हे मात्र बहुतेक जण पानासकट खातात. शाकाहारी मंडळींनी सूप आणि रस्शांची चौकशी करावी, बहुतेकांत सुक्या मासळीचा अर्क, म्हणजे दाशी असतो.

भेट म्हणून हापूसची पेटी मात्र नेऊ नका. भारतीय आंबा जपानने 2006 साली पुन्हा घ्यायला सुरुवात केली तो वाफेची प्रक्रिया आणि तपासणीच्या अटीवर; बॅगेतला आंबा विमानतळावरच काढून घेतील. ताजा कढीपत्ताही तसाच.

परतीचं विमान एप्रिलच्या मध्यानंतर उतरणार असेल तर कोकण रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी, आरक्षण उघडेल त्याच सकाळी काढा. तोवर चाकरमान्यांच्या सुट्ट्या लागलेल्या असतात. टोकियोहून मुंबईला बसून याल, आणि मुंबईहून कुडाळला उभ्याने.