दोन पेठांची पोरं, एक जर्सी

कोल्हापुरात फुटबॉलचा मोठा हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत रंगतो. शाहू स्टेडियम, तालमींचे संघ, पेठापेठांची ईर्षा, सगळं त्या महिन्यांतलं. शाळेचा हंगाम मात्र ऐन पावसातला. सुब्रतो चषकाचे शालेय सामने तेव्हाच लागायचे.

आमचं दहावीचं वर्ष 1998. फ्रान्समधला विश्वचषक नुकताच संपला होता. अंतिम सामना आपल्याकडे रविवारी मध्यरात्रीनंतर दिसला. झिदानच्या दोन हेडरनी ब्राझीलची वाट लावली आणि ब्राझीलचे झेंडे लावलेल्या गल्ल्या सकाळी सुतकात. त्याच आठवड्यात क्रीडाशिक्षक सरांनी संघनिवडीसाठी मैदानावर बोलावलं.

अर्धी पोरं शिवाजी पेठेतली, अर्धी मंगळवार पेठेतली. एकाच्या घरी शिवाजी तरुण मंडळ म्हणजे देव, दुसऱ्याच्या घरी पाटाकडील तालीम. मोठ्यांच्या सामन्यात आम्ही समोरासमोरच्या गॅलरीत बसून ओरडलेलो. मैदानावर आल्यावरही आपल्याच पेठेतल्या पोराला पास जायचा. दुसऱ्या पेठेतला मोकळा उभा राहून हात करतोय, तरी चेंडू त्याच्याकडे जायचा नाही.

सरांनी त्यावर भाषण दिलं नाही. सरावात एकच नियम केला: गोल कुणीही मारा, पण शेवटचा पास दुसऱ्या पेठेतल्या पोराचा नसेल तर गोल धरायचा नाही. पहिले काही दिवस नुसती भांडणं झाली. "सर, ह्यो मुद्दाम देत न्हाई!" अशी तक्रार दोन्हीकडून. सर शिट्टी वाजवायचे आणि चेंडू पुन्हा मध्यावर. मग हळूहळू नजर वळू लागली. आमचा डावा विंग शिवाजी पेठेतला, त्याच्या मागचा बॅक मंगळवार पेठेतला. त्या दोघांची अशी काही गट्टी जमली की हाक न मारता चेंडू बरोबर जागेवर पडायचा. इतका सुंदर खेळ मी नंतर मोठ्या संघांतही क्वचितच पाहिला, हे मी मनापासून सांगतो.

शहरातले सामने आम्ही चिखलातच जिंकले. चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा, लांब फटका निम्म्यातच बसायचा. त्यामुळे छोटे पास खेळणारा संघ टिकायचा, आणि सरांच्या नियमानं आमची नेमकी तीच तयारी झाली होती. अंतिम सामन्यात दोन्ही पेठांतली माणसं छत्र्या घेऊन एकाच बाजूला उभी होती. विभागीय फेरीत सांगलीच्या संघानं आम्हाला टायब्रेकरवर हरवलं. त्यांचा गोली जबरदस्त होता, मान्यच करावं लागेल.

2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा आमचा तो सगळा संघ एका घरी जमून सामना बघत होता. सरही आले होते.

शाळेला एक विनंती. सुब्रतोमध्ये आता मुलींचाही गट असतो. आपल्या शाळेचा मुलींचा संघ येत्या पावसाळ्यात उतरवा. बूट, शिनगार्ड आणि जर्सींचा खर्च 1998 च्या तुकडीनं उचलायचं ठरवलं आहे, आणि सराव घ्यायला आमचा तो डावा विंग रोज संध्याकाळी यायला तयार आहे.