शब्दकार्डं: 'सराउंड' अखेर हलला

इंग्रजी शब्दांचे मराठी प्रतिशब्द मी एकेका कार्डावर लिहून अक्षरवार खणांत ठेवतो. दिवाळीपर्यंत 'एस'चा खण संपवतो असं मागे म्हणालो होतो. विसरा. तीन आठवडे 'सराउंड' या एका क्रियापदाने घेरलंय, आणि 'घेरणे' हीच त्यातली मेख.

'वेढणे, घेरणे' लिहून मोकळा होणार होतो. पण ठाण्यात तलावपाळीवर बसून पहिलंच वाक्य जुळवलं, दुकानं मासुंदा तलावाला सराउंड करतात, आणि मराठीत दुकानांनी तलावाला चक्क घेराव घातला! आपण 'तलावाभोवती दुकानं आहेत' म्हणतो; सगळं ओझं 'भोवती' उचलतं. इंग्रजीतही 'आर सराउंडिंग' केलं की दुकानं चाल करून आल्यासारखी वाटतात. ते रूप पोलिसांना शोभतं.

परवा मराठी ग्रंथसंग्रहालयात व्युत्पत्तीचा कोश उघडला आणि उडालोच. 'सराउंड'चं 'राउंड'शी रक्ताचं नातं नाही! लॅटिन 'सुपर' म्हणजे वर, 'उंडा' म्हणजे लाट. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता पाण्याने ओसंडणं, बुडवणं. 'राउंड'सारखा ऐकू येतो म्हणून 17व्या शतकात 'चहूकडून वेढणं' झाला. खरे भाऊबंद 'इनंडेट' (पाण्याखाली बुडवणं) आणि 'अबाउंड' (रेलचेल असणं).

आणि आपल्याकडे दर पावसाळ्यात मथळा काय असतो? 'गावाला पुराचा वेढा'! समोरच होतं की.

म्हणून कार्ड फाडलं. आता अर्थांचे क्रमांक नाहीत. कोण वेढतंय, त्यावरून मांडणी. पाणी आणि सैन्य: वेढा. चाहते: गराडा. वाद: त्याच्या 'भोवऱ्यात' माणूस सापडतो, म्हणजे पुन्हा पाणीच. 'सराउंडेड'पुढे 'बाय' लावायचं की 'विथ', हा घोळही इथेच सुटला. नुसती स्थिती सांगायची तर बहुधा 'बाय'. स्वतःहून गोळा केलं तर 'विथ'. पुढारी खुशमस्कऱ्यांचा गोतावळा जमवतो, तो 'विथ'वाला. 'गोतावळा' सुचला त्या रात्री दुसरा चहा झाला.

जाता जाता: स्टेशनजवळून आणलेल्या नव्या कार्डांवर शाई फुटते. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू शंभर पटीने बरी.

पुढे 'एन्क्लोज' घेणार होतो, पण हे लिहितानाच खिडकीतून येऊरचा डोंगर दिसेनासा झाला. म्हणजे आधी 'एन्व्हलप'. धुकं डोंगराला वेढतं, लपेटतं की गिळतं? तुमच्या कार्डावर काय आहे?