हो, तीच

रात्रीचे पावणेबारा वाजलेत, झोप नाही. दुपारपासून माझंच एक "हो" मला टोचतंय.

झालं एवढंच. मुक्ताला जुन्या मॅचेस बघायच्या असतात म्हणून २०२३ च्या बायकांच्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलचे हायलाइट्स लावले होते. सिडनी, स्पेन विरुद्ध इंग्लंड. ओल्गा कार्मोनाचा २९व्या मिनिटाचा गोल तिने चारदा मागे नेऊन बघितला. मग स्पेनला पेनल्टी मिळाली, दहा नंबरची जर्सी बॉलमागे उभी, आणि इंग्लंडची गोलकीपर मेरी अर्प्सने ती अडवली. मुक्ता म्हणाली, "आत्या, ही कोण गं? घालवली की हिने!" मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा पेपरमागून म्हणाला, "अगं ती किसवाली." मग माझ्याकडे बघून, "तीच ना?"

मी म्हणाले, हो, तीच.

आणि मुक्ताने हायलाइट्स पुढे ढकलले. संपलं. माझ्या तोंडात केवढं काय काय आलं होतं, सगळं तिथेच राहिलं. जेनी हर्मोसो, स्पेनसाठी सगळ्यात जास्त गोल मारणारी बाई, पन्नासच्या वर गोल. स्पेनच्या लीगमध्ये सीझनमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला पिचिची म्हणतात, ते हिने पाच वेळा मिळवलं, त्यातलं २०१६-१७ चं तर ३५ गोल मारून. आजोबा माद्रिदच्या अतलेतिको क्लबचे गोलकीपर, नात गोल मारायला निघाली. अतलेतिको, रायो वायेकानो, स्वीडनला जाऊन आली, बार्सिलोना, पॅरिस, परत अतलेतिको, परत बार्सिलोना, मग मेक्सिको. २०२१ मध्ये बार्सिलोनाने चेल्सीला ४-० हरवून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग घेतली त्या टीममध्ये होती, आणि त्या वर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला, बॅलन डी'ओरला, तिच्याच टीममधल्या अलेक्सिया पुतेयासच्या पाठोपाठ दुसरी. हे सगळं मला पाठ आहे. रात्री-बेरात्री उठून बघितलेल्या मॅचेस आहेत या. आणि विचारल्यावर मी काय म्हणाले तर हो, तीच.

तो किस तिने घेतला नव्हता हो. त्याच फायनलनंतर मेडल घ्यायला गेली होती. स्पेनच्या फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षाने, लुईस रुबियालेसने, तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि किस केलं. नंतर ड्रेसिंग रूममध्ये ती म्हणाली होती की मला नाही आवडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने रुबियालेसला दोषी ठरवलं, १०,८०० युरो दंड. कृत्य त्याचं, गुन्हा त्याच्यावर शाबीत झालेला, आणि 'वाली' मात्र ती. कुणी त्याला 'किसवाला' म्हणतं का? म्हणत असतील तर मी तरी ऐकलेलं नाही.

मला राहून राहून वाटतंय की मुक्ता "घालवली" म्हणाली तेच चांगलं होतं. पेनल्टी घालवली ती तिची स्वतःची होती. चालत गेली, बॉल ठेवला, मारला, अडवला गेला. मुक्ताने तिला आयुष्यभर 'पेनल्टी घालवणारी' म्हणून लक्षात ठेवलं असतं तरी चाललं असतं मला, निदान तिने केलेल्या गोष्टीवरून ठेवलं असतं.

बाकी, आमच्या ऑफिसात मला काय म्हणतात ते मला माहितीये. 'कंप्लेंटवाली.' पॅन्ट्रीत मी आत गेले की गप्पा बदलतात. अकरा वर्षं काम केलं तिथे, दोन ऑडिट एकटीने काढली, पण नवीन आलेल्या मुलीला माझी ओळख करून दिली ती कशी, ते मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. कधीतरी वाटतं तेव्हा गप्प बसले असते तर आज कुणीतरी मला निदान... जाऊ दे. आईला पण हे सगळं कधी नीट सांगितलं नाही.

म्हणूनच त्या "हो" चा जास्त त्रास होतोय. दादाला काय कल्पना, त्याने बातमीत वाचलं तेवढं बोलला. मला होती ना कल्पना. मी का हो म्हणाले?

वर्ल्ड कपनंतरची पहिली टीम जाहीर झाली त्यात तिचं नाव नव्हतं, ते आठवतंय. नव्या कोच मोन्से तोमे म्हणाल्या, तिला जपण्यासाठी नाही घेतलं. तर हिने विचारलं, कशापासून जपताय? की कुणापासून? मी तेव्हा ते वाचून मोबाईल उशीखाली ठेवून रडले होते, कारण मला पण "तुझ्याच भल्यासाठी" दुसऱ्या डिपार्टमेंटला पाठवलं होतं. पुढच्या महिन्यात तिला परत बोलावलं. इटलीत, सालेर्नोला मॅच, ०-० चाललेली, ही सेकंड हाफमध्ये आत आली आणि ८९व्या मिनिटाला गोल. १-०.

नंतर परत बाहेरच. २०२५ च्या युरो कपला घेतलंच नाही, स्पेन फायनल पेनल्टींवर हरलं, ती कुठेच नव्हती. मग ऑक्टोबरमध्ये पस्तिसाव्या वर्षी परत बोलावणं आलं, आणि बोलावणारी कोण तर नवी कोच सोनिया बर्मुदेस, जिच्याकडे हिच्या आधी लागोपाठ चार वर्षं पिचिची होतं. गोल मारणाऱ्या बाईने गोल मारणाऱ्या बाईला बोलावलं. हे मला फार आवडलंय, का ते नीट सांगता येत नाही.

एवढं लिहिल्यावर जरा शांत वाटतंय. म्हणू देत काय म्हणायचं ते. तिला पण म्हणतातच, आणि ती बूट घालून जातेच आहे मैदानावर. मी पण सोमवारी जाणारच आहे, मार्चचं क्लोजिंग माझ्याशिवाय होत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

आत्ता मुक्ताला सालेर्नोच्या गोलची लिंक पाठवली. खाली लिहिलं, "दुपारी विचारलंस ना ही कोण. ही जेनी हर्मोसो. स्पेनची सगळ्यात जास्त गोल मारणारी." वाटलं झोपली असेल. पण शेजारच्या खोलीत मोबाईलचा उजेड दिसला आणि लगेच उत्तर आलं.

"अजून पाठव ना."

बार्सिलोनाचे शोधतेय.