मन लागण्याची वाट पाहणं सोडलं तेव्हा

धुतलेले कपडे मशीनमध्येच राहायचे. मागे वळून पाहिलं की मला सुरुवात तिथूनच आठवते. मशीन थांबल्याचा आवाज यायचा, उठायला हवं हे कळायचं आणि मी पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की कुबट वास. मग तेच कपडे पुन्हा धुवायला लावायचे. एक चादर मी चार दिवसांत तीनदा धुतली आणि तिसऱ्यांदाही ती आतच राहिली.

रडू येत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण उदास माणूस म्हणजे रडणारा माणूस अशीच माझी समजूत होती. मला काहीच वाटत नव्हतं. भाचीने फोन करून तिला मिळालेल्या पहिल्या बक्षिसाची बातमी सांगितली. मी "अरे वा!" म्हटलं, पण तो आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. ऑफिसचं काम वेळेत जात होतं, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण ज्या हिशोबाला आधी एक तास लागायचा त्याला आता तीन तास लागत, आणि तेवढ्यात सगळा जीव निघून जाई.

"पण झालं काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. कुणी गेलं नव्हतं, नोकरी सुटली नव्हती, घरात भांडण नव्हतं. दुःखाला कारण असलं की माणसं जवळ येतात, आपणही स्वतःला माफ करतो. माझ्याकडे कारणच नव्हतं, आणि ते नसल्याची मला लाज वाटत होती. रात्र रात्र मी कारण शोधत बसायचे. जुन्या चुका, जुनी बोलणी उकरून काढायचे. पुढे कळलं की हे उकरणं हा आजाराचाच भाग होता. नैराश्य धक्का बसल्यावर येतं, तसंच काही कारण दिसत नसतानाही येतं.

मदत मागायला मी निघाले, पण पहिल्याच ठिकाणी ठेच लागली. ज्यांच्याकडे गेले त्यांनी वीस मिनिटांत मला सकारात्मक विचार करायला सांगितलं आणि माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत किती लोक आहेत तेही ऐकवलं. ते मला माहीत होतंच. रोज पहाटे मी तेच स्वतःला ऐकवत होते. घरी आले आणि पुढचा दीड महिना कुणापाशी शब्द काढला नाही. त्या दीड महिन्याचं मला आजही वाईट वाटतं. एका माणसाशी सूर जुळला नाही म्हणजे मदतच संपली, असं नसतं. तेव्हा ते सांगणारं कुणी नव्हतं.

शेवटी ताईने ओळखलं. फोनवर म्हणाली, "अगं, तू बोलतेस पण तू तिथे नाहीस." दुसऱ्या दिवशी येऊन मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. यांतलं काही कमी असलं तरी असाच थकवा आणि अशीच मरगळ येऊ शकते, म्हणून ते आधी पाहायचं. रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी खट्टू झाले. थायरॉइड निघाला असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं, असं तेव्हा मनात आलं होतं.

मग त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे ठेवला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःबद्दलचं मत यांचं काय झालं ते विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात. एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष घालावं लागतं. माझे १७ झाले.

नववा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दल आहे. तिथे मी 'काही दिवस' यावर खूण केली आणि कागद उलटा करून दिला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं वाटतं का? काही ठरवलंय का?" मी म्हटलं, ठरवलं काही नाही, पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. ताई बाजूच्या खुर्चीत होती. तिने काही न बोलता माझा हात धरला. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज आहे. मला तर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. काही ठरवलेलं असतं तर त्या दिवशी मला एकटीला घरी जाऊ दिलं नसतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुमच्या मनात तसं काही ठरत असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि जवळच्या माणसाला आत्ताच सांगा. तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

त्यांनी पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस मळमळ होती आणि मनात काहीच फरक नव्हता. असंच होईल, हे आधी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहूनही जास्त. त्यांची चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या आणि उतरवायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. माझ्याबाबतीत गोळीने पाय टेकायला जमीन दिली. चालायला शिकवलं ते समुपदेशक मॅडमनी.

त्यांनी माझ्या विचारांना हात घातला नाही, याचं मला नवल वाटलं. एक कोरा तक्ता दिला. सात दिवस, दर तासाला एक चौकोन. त्यात काय केलं ते दोन शब्दांत लिहायचं आणि ० ते १० मध्ये दोन आकडे द्यायचे: किती बरं वाटलं आणि किती जमलं. मी पहिला आठवडा भरलाच नाही. भेटीच्या आदल्या रात्री बसून सगळे चौकोन एकदम भरले, सगळीकडे २, ३, २, ३. मॅडमनी कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हे एका बैठकीत लिहिलंय ना? हरकत नाही. या आठवड्यात दिवसाचे चारच चौकोन भरा, पण त्या त्या वेळी."

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. सुईत दोरा ओवून हवा होता. मला दारापर्यंत जायचंही जिवावर आलं होतं. खिडकीपाशी उजेडात सुई धरली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा गेलं. काकू म्हणाल्या, "आणखी दोन ओवून ठेवतेस का गं? म्हणजे तुला परत उठवायला नको." मी पाच सुया ओवून दिल्या. दहा मिनिटं गेली असतील. परत येऊन चौकोनात लिहिलं: सुया, बरं वाटलं ४, जमलं ७. आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा तोच होता. आणि जे तास मी 'आराम' म्हणून पलंगावर मोबाइल चाळत काढले होते, तिथे सगळीकडे १.

मॅडमनी त्या चारवर बोट ठेवून विचारलं, "या वेळी मन लागत होतं म्हणून गेलात का?" नाही. दार वाजलं म्हणून गेले होते.

मन लागेल तेव्हा करू, असं मी सात महिने म्हणत होते. आजारात गाडी उलटी चालवावी लागते: आधी करायचं, मन मागून येतं. मन खालावलं की आपण गोष्टी टाळतो, टाळलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेमुळेच टाळण्याची सवय घट्ट होते. ज्यातून थोडं बरं वाटलं असतं तेही सगळं हातातून जातं, मन आणखी खाली. या चक्रामागचा मूळ विचार अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात मांडला.

मी म्हटलं, "एवढंच? वेळापत्रक?" मला वाटलं होतं, बालपण वगैरे निघेल. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की १९९६ साली नील जेकबसन यांच्या अभ्यासात निव्वळ कृतीवर भर देणारे उपचार विचारांवरच्या पूर्ण उपचारांच्या तोडीचे ठरले. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये ४४० जणांवर पुन्हा मोठा अभ्यास झाला, तिथेही तेच दिसलं. हे ऐकल्यावर मी तक्ता मनापासून भरायला लागले. मला आकड्यांची भाषा कळते.

मग कामांचे तुकडे पाडले. कपड्यांचं काम असं होतं: मशीन थांबलं की फक्त झाकण उघडायचं. बस्स. वाळत घालायचं बंधन नाही. पहिले तीन दिवस मी झाकण उघडून परत पलंगावर आले आणि मॅडमनी ते 'झालं' म्हणून धरलं. चौथ्या दिवशी हात आपोआप आत गेला. सकाळी उजेडात दहा मिनिटं चालणं, एका मैत्रिणीला एक ओळ पाठवणं, हेही त्यातच. वेळ ठरलेली, मन विचारायचं नाही.

पहाटेच्या उकरण्यावर एक उपाय दिला होता, तो मला आजही उपयोगी पडतो. विचार सुरू झाला की दोन मिनिटं द्यायची. तेवढ्यात एखादा निर्णय झाला, नवीन काही कळलं तर ठीक. नाहीतर तो विचार नव्हे, रवंथ आहे. उठायचं आणि हाताने काहीतरी करायचं. मी मोजे जोडीने लावायचे. पहाटे चारला, दिव्याखाली.

सहाव्या आठवड्यात मी घसरले. चार दिवस तक्ता नाही, चालणं नाही, आंघोळही नाही. सगळं वाया गेलं असं वाटलं. मॅडमनी जुने तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी असं किती दिवस चालायचं?" तेव्हा ते मोजायला कुणी नव्हतं. आता चार दिवस मोजता येत होते. पाचव्या दिवशी मी परत झाकण उघडलं. बाराव्या आठवड्यात तोच नऊ प्रश्नांचा कागद भरला. ६ आले. नवव्यावर शून्य.

या सगळ्याला आता दीड वर्ष झालं. गोळी चार महिन्यांपूर्वी हळूहळू कमी करत थांबली. शेवटच्या भेटीत मॅडमनी ताईलाही बोलावलं होतं आणि तिघींनी मिळून एक कागद लिहिला: परत येत असेल तर आधी काय दिसेल. माझ्या मते झोप. ताई म्हणाली, "नाही, कपडे." तेच पहिलं लिहिलं. म्हणून ताई आता "कशी आहेस?" असं विचारत नाही, त्याला मी "बरी आहे" म्हणते हे तिला ठाऊक आहे. ती विचारते, "कपडे वाळत घातलेस का गं?"

गेल्या रविवारी मी म्हटलं, "नाही. कालपासून आत आहेत."

"बरं," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर ठेव आणि झाकण उघड. मी थांबलेय."