पोवळ्याचा डोळा

एमआरआयच्या फॉर्मवर ‘शरीरात काही बसवलंय का?’ असा प्रश्न असतो. मी इंदूरमध्ये एमआरआय काढते, इथे त्याचं उत्तर ठरलेलं: “कुछ नहीं.” आत स्टेंट असो, गुडघा असो, कुछ नहीं. मशीनचा आवाज थांबला की आतलं चुंबक बंद झालं, असंही लोकांना वाटतं. ते रात्रीसुद्धा चालूच असतं.

रामबागेतल्या एक आजी विशीतल्या नातवाला घेऊन आल्या. “काही बसवलेलं नाही हो,” म्हणाल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. वेटिंगमध्ये चारचौघांसमोर बोलायचं नव्हतं, एवढंच. लहानपणी गिल्ली लागून मुलाचा डोळा गेला होता. तो दुखायला लागला, म्हणून आठ महिन्यांपूर्वी काढून आत हायड्रॉक्सिॲपेटाइटचा, म्हणजे हाडात असतं तसल्या खनिजाचा, 20 मिलिमीटरचा गोळा बसवला होता.

हा गोळा मूळचा समुद्री पोवळ्यापासून केलेला, आरपार छिद्रं असलेला. या छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात आणि गोळा शरीराचाच होऊन जातो. त्या मध्यापर्यंत पोचल्या की सर्जन गोळ्यात भोक पाडून खुंटी बसवू शकतो, मग वरचा नकली डोळा खऱ्याबरोबर जास्त हलतो. त्याआधीच भोक पाडलं तर रक्त न पोचलेल्या भागात जंतू घर करतात. रक्त कुठवर पोचलंय, हेच एमआरआयमध्ये बघायचं होतं. प्राणवायू दाखवणारं मशीन माझ्याकडे नाही, पण गॅडोलिनियम, म्हणजे इंजेक्शनने रक्तात सोडायचं, फोटोत उजळणारं औषध, पोचलं तिथे रक्त पोचलं, आणि रक्त पोचलं तिथे प्राणवायू.

मुलाने सोबत जुनी सीडी आणली होती. दुसऱ्या सेंटरचा रिपोर्ट म्हणत होता, रक्तपुरवठा उत्तम, आणि त्याच भरवशावर खुंटीची तारीख ठरली होती. मी सीडी उघडली आणि कपाळावर हात मारला. फॅट सॅट, म्हणजे फोटोतली चरबी पुसणं, केलेलंच नव्हतं! डोळ्याच्या खोबणीत भरपूर चरबी असते. टी-वन नावाच्या फोटोत ती पांढरी, गॅडोलिनियमही पांढरं. गोळ्याभोवतीचं काय उजळलंय, हे देवालाही कळणार नाही. बरं, चरबी पुसायची दुसरी पद्धत, स्टर, लावावी, तर त्यात गॅडोलिनियमही पुसलं जातं. शेजारी सायनसची हवा असल्यामुळे फॅट सॅटसुद्धा नीट बसत नाही. मी नकली डोळा काढून ठेवायला लावला, शिमिंग, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे सारखं करणं, दोनदा केलं, मगच इंजेक्शन दिलं. दुसऱ्या सेंटरवाल्यांनी ही पाच मिनिटं वाचवली होती.

माझ्या फोटोत गोळ्याची कड उजळ होती आणि मधला भाग काळा.

मुलाने आरशात बघून डोळा सराईतपणे परत बसवला आणि विचारलं, “ताई, ठीक आहे ना?” मी म्हटलं, “डॉक्टर सांगतील.” तंत्रज्ञाने एवढंच म्हणायचं असतं. रेडिओलॉजिस्ट सरांना मात्र जुनी सीडी मुद्दाम दाखवली. सरांनी सर्जनला फोन केला आणि तारीख पुढे गेली.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. थोडं थांबून फोटोंची आणखी एक सिरीज घ्यायची होती, पण बाहेर गुडघ्याचे तीन पेशंट ताटकळले होते आणि मॅनेजर दोनदा डोकावून गेला होता. उशिराच्या फोटोत मधला भाग उजळला असता, तर ते रक्त की नुसतं झिरपलेलं औषध? झिरपलेलंच असणार, म्हणजे लवकर घेतला तेच बरोबर, असं मी स्वतःला दर वेळी सांगते.