रोजगार सेवक पोच का देत नाही?

‘मागेल त्याला काम असा कायदा आहे, तर आमचा रोजगार सेवक सध्या काम नाही असे कसे म्हणू शकतो?’ हा प्रश्न मला पाड्यावरच्या बैठकीत विचारला जातो आणि पुण्या-मुंबईचे मित्रही विचारतात. पालघर जिल्ह्यात मजुरांचे मागणी अर्ज भरून देण्याचे काम मी करत आलो आहे, म्हणून हे उत्तर. रोजगार सेवक म्हणजे गावात रोजगार हमीचे अर्ज आणि नोंदी सांभाळणारा माणूस. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगा या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला; मी लिहितो आहे ते मनरेगाच्या काळात पाहिलेले आहे.

कामाच्या हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने ती गावोगाव पोहोचली आणि १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला. मनरेगात तिचे रूप असे होते: मजुराने नमुना ४ मध्ये कामाची मागणी करायची, ग्रामरोजगार सेवकाने नमुना ५ मध्ये तारखेसह पोच द्यायची आणि १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता सुरू व्हायचा, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मा. म्हणजे सगळी हमी त्या पोचेवरच्या तारखेवर उभी होती.

ती पोच सहसा कोणी तोंडावर नाकारत नाही. सेवक नावे आपल्या वहीत लिहून घेतो, ‘काम निघाले की सांगतो’ म्हणतो आणि काम मंजूर होऊन हजेरीपत्रक निघायच्या वेळी मागणीचा अर्ज भरून घेतो. त्यामुळे कागदावर मागणी आणि पुरवठा यांचा मेळ नेहमीच बसलेला दिसतो, आणि दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर निघून गेलेल्या कातकरी कुटुंबाने काम मागितले होते याची सरकारदरबारी कुठेच नोंद राहत नाही. ही लबाडी आहे, यात मला शंका नाही. फक्त ती एकट्या सेवकाची नाही.

पोच दिली की १५ दिवसांची मुदत सुरू होते, आणि त्या मुदतीत काम उभे करणे सेवकाच्या हातात नसते. अंदाजपत्रक आणि मोजमाप तांत्रिक सहाय्यकाकडे, मंजुरी आणि हजेरीपत्रक तालुक्याला, पैसे त्याहून वर. भत्ता देण्याची वेळ आली तर जबाबदारी कोणाची हे शोधले जाते आणि शोध खालून सुरू होतो. म्हणून ‘काम हातात असल्याशिवाय अर्ज घेऊ नका’ ही सूचना तोंडी येते. ती लेखी कोण देईल? शिवाय सेवक सरकारी नोकर नाही. वर्षानुवर्षे त्याचे मानधन गावात झालेल्या कामाच्या प्रमाणात ठरत असे. दरमहा ८ हजार रुपयांचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. तालुक्याशी वाकडे घेऊन त्याने मजुराची बाजू घ्यावी, ही अपेक्षा दूर बसून करणे सोपे असते.

काम निघाल्यावर कोणाला बोलवायचे, हेही व्यवहारात तोच ठरवतो, आणि इथे मला त्याचा खरा राग येतो. मजुरी मोजमापावर निघते. २०२५-२६ चा ३१२ रुपये दर पूर्ण माती निघाली तरच पदरात पडतो. मग धट्टीकट्टी जोडपी आधी बोलावली जातात आणि म्हातारी, एकटी बाई मागे राहते. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा करण्याची सक्ती झाली, तेव्हा ज्यांचे खाते जुळत नाही त्यांचीही नावे मागे पडली, कारण अडकलेल्या मजुरीसाठी लोक सेवकाच्याच दारात येतात. ब्रिटनमध्ये २०११ च्या वर्क प्रोग्रॅम या सरकारी योजनेत खासगी संस्थांना बेरोजगार माणूस कामावर टिकला तरच बहुतेक पैसे मिळत, आणि सहज कामाला लागणाऱ्यांकडे लक्ष देऊन अवघड माणसांना ताटकळत ठेवल्याची टीका त्यांच्यावरही झाली. दडपण कशाचे आहे त्यावर निवड ठरते, मग ऑफिस वातानुकूलित असो की ग्रामपंचायतीची गळकी खोली.

उरलेला वेळ मोबाइल खातो. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो अ‍ॅपवर चढवणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या डोंगरात फोटो चढला नाही तर खाडा पडतो, आणि त्याचा जाबही सेवकालाच द्यावा लागतो. याच योजनेतून होणाऱ्या सिंचन विहिरींच्या फायली असतातच. विहीर हवी असणारा शेतकरी सरपंचाला धरून येतो, मजूर तसा येत नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो की एकट्याने सेवकाकडे जाऊ नका आणि त्याच्याशी भांडतही बसू नका. मागणी अर्ज तालुक्याच्या कार्यालयात थेट देण्याची मुभा कायद्यातच होती. दहा-पंधरा जणींनी मिळून तिथे अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नये. ही युक्ती माझी नाही. एका सेवकानेच ती मला दबक्या आवाजात सांगितली होती: ‘तुम्ही बायांना घेऊन आधी तिकडे जा, म्हणजे मला इथे पोच देता येते. साहेबांना सांगता येतं, बाया ऐकतच नव्हत्या.’