कोण बेन जॉन्सन?

'जुने काउबॉय पिक्चर एवढे बघतोस, मग तुझा आवडता नट कोण?' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारलाय. मी जॉन वेन म्हणेन किंवा क्लिंट ईस्टवूड, अशी सगळ्यांची खात्री असते. मी बेन जॉन्सन म्हणतो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: 'तो सोलचा? पदक काढून घेतलं तो?' तो नव्हे. तो कॅनडाचा धावपटू, १९८८ चा. इंग्रजी शिकवणारं कोणी असेल तर ते थेट शेक्सपिअरच्या काळातल्या नाटककाराकडे जातं. तोही नव्हे. परवा पुन्हा एकांनी 'पण हाच का?' असं विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. तुम्ही विचारलंत म्हणून.

याचं मूळ मिरजेत आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, टांगा चालवायचे. कर्नाटकातून रेल्वेने मिरजेच्या डॉक्टरांकडे येणारे पेशंट हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. पुढे रिक्षा वाढल्या, टांगा दारात उभा राहायला लागला, मग एक दिवस घोडी विकली. लगाम मात्र न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर तसाच लटकत होता. आई महिन्यातून एकदा तो टाकून द्यायचा विषय काढायची आणि तात्या महिन्यातून एकदा त्याला तेल लावायचे.

१९९६ मध्ये आमच्याकडे केबल आली. दिवसा ज्या चॅनेलवर कार्टून असायचं, त्याच चॅनेलवर रात्री टीएनटी लागायचं. हॉलिवूडचे जुने पिक्चर. टॉम जेरीच्या मागे धावताधावता गायब व्हायचा आणि त्याच जागी घोडदळ उगवायचं. वडील पहाटेच्या पाळीला जायचे, त्यामुळे रात्री टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. तात्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. इंग्रजी येत नव्हतंच, आणि त्यांना गोष्टीत रस नव्हता. ते घोडी बघायचे.

आणि घोड्यावरची माणसंही. पण ती बघायचे एखाद्या परीक्षकासारखी. 'ह्येचं आपटतंय बघ. जनावराची पाठ सोलवटंल अशानं.' 'ह्यो लगाम नुस्ता वढतोय, तोंड फाडील त्येचं.' मोठमोठ्या नटांची तात्यांनी अशी वासलात लावली. मग एका रात्री 'शी वोअर अ यलो रिबन' लागला. दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९४९ चा रंगीत पिक्चर, मॉन्युमेंट व्हॅलीतली ती लाल मातीची बुरुजासारखी उभी खडकं. त्यात एक सार्जंट एकटा टेहळणीला जातो, शत्रूची टोळी मागे लागते, आणि तो तांबूस घोड्यावर चौखूर सुटतो. समोर ओघळ येते. घोडा ती तशीच पार करतो. आडवे झालेले तात्या उठून बसले.

'मांड बघ. मांड बघ त्येची. कमरंच्या वरचं काय बी हालंना.'

मांड म्हणजे नुसतं खोगिरावर बसणं नव्हे. मांड्यांची पकड, रिकिबीतला पाय, पाठीचा कणा आणि घोड्याच्या पुढच्या पावलाचा अंदाज, हे सगळं मिळून जे होतं ती मांड. ती पक्की असली की लगाम दोन बोटांत पुरतो. तात्या म्हणाले, 'ह्यो नट न्हवं. ह्यो आपल्यातला हाय.'

नाव काही आम्हाला कळलं नाही. बेन जॉन्सन त्याच वर्षी, ८ एप्रिल १९९६ ला, ॲरिझोनातल्या मेसा गावी, वयाच्या ७७ व्या वर्षी गेला, हेही नाही. नव्वदी उलटलेल्या आपल्या आईला भेटायला गेला होता. ही माहिती मला फार पुढे मिळाली, इंटरनेट आल्यावर, 'घोडा ओघळीवरून उडी मारतो' एवढ्याच भांडवलावर शोधताना. आणि कळलं की तात्यांचं शब्दशः खरं होतं. तो नट नव्हताच.

जन्म १९१८ चा, ओक्लाहोमातल्या फोरेकरचा. हे ओसेज काउंटीत येतं. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' बघितला असेल तर तोच मुलूख, आणि साधारण तोच काळ. वडील गुरांच्या रँचवर, शिवाय रोडिओतले, म्हणजे काउबॉय लोकांच्या घोडेस्वारी आणि गुरं धरण्याच्या शर्यतींतले, नामांकित गडी. पोरगं गुरांमागेच वाढलं. १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज या निर्मात्याला 'द आउटलॉ' या पिक्चरसाठी घोडे हवे होते. त्याने ते तिथल्या रँचवरून घेतले आणि पोचवायला हा पोरगा नेमला. रँचवर दिवसाला एक डॉलर मिळायचा, हॉलिवूडचा पहिला चेक तीनशेचा. मग परत कोण जातो? आपण हॉलिवूडला घोड्यांच्या डब्यातून आलो, असं तो पुढे हसत सांगायचा. १९४१ मध्ये त्याने लग्न केलं कॅरल जोन्सशी. तिचे वडील फॅट जोन्स हे पिक्चरवाल्यांना घोडे पुरवणारे बडे तबेलेवाले. 'यलो रिबन'मधला तो तांबूस घोडा, स्टील, सासऱ्यांच्याच तबेल्यातला. माझ्या मते सिनेमाच्या इतिहासातलं हे सगळ्यात शहाणपणाचं लग्न. पाच दशकं टिकलं, ती जाईपर्यंत.

पुढची काही वर्षं तो डुप्लिकेट होता. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्युअर्ट पडद्यावर ज्या घोड्यावरून पडायचे, त्यावरून खरा पडायचा हा. मग आला 'फोर्ट अपाचे', १९४८ चा. शूटिंगच्या वेळी एका गाडीची घोडी उधळली, गाडीत तीन माणसं. हेन्री फोंडाचा डुप्लिकेट म्हणून घोड्यावर बसून असलेल्या जॉन्सनने पाठलाग करून ती आवरली. फोर्ड म्हणाला, तुला याचं बक्षीस मिळेल. जॉन्सनला वाटलं, पुढच्या पिक्चरमध्ये पुन्हा डुप्लिकेटचं काम. हातात पडला सात वर्षांचा करार. वाचताना पाचव्या ओळीत 'आठवड्याला पाच हजार डॉलर' आलं, तिथेच वाचणं थांबवून सही केली, असं तो सांगायचा.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं म्हणजे त्याचा बहर. 'थ्री गॉडफादर्स', 'यलो रिबन', 'वॅगन मास्टर' (यात तो चक्क मुख्य भूमिकेत), 'रिओ ग्रांद'. या शेवटच्यात तो आणि हॅरी केरी ज्युनिअर दोन-दोन घोड्यांवर एकेक पाय ठेवून उभे राहून दौडतात. याला रोमन रायडिंग म्हणतात. डुप्लिकेट नाही, ट्रिक नाही. दोघांनी सराव करून स्वतः केलंय. हे तात्यांना दाखवायचं राहिलं, त्याची चुटपुट आहे. (त्या पिक्चरांमधले 'इंडियन' म्हणजे गोळी लागून खाली पडायला ठेवलेली माणसं, हे आज बघवत नाही. आणि ती कामं करणारे पुष्कळसे तिथलेच नवाहो, दुसऱ्या जमातींची सोंगं घेतलेले. मला आवडतं म्हणून ते झाकण्यात अर्थ नाही.)

'रिओ ग्रांद'च्याच वेळी फोर्डशी बिनसलं. फोर्ड माणसांना चारचौघांत टाकून बोलायचा, वेनलासुद्धा सोडायचा नाही, आणि सगळे ऐकून घ्यायचे. जेवणाच्या टेबलावर जॉन्सन शेजारच्याशी काहीतरी पुटपुटला, फोर्डने सगळ्यांसमोर 'ए मूर्खा' करून विचारलं. हा ताटावरून उठला, फोर्डच्या कानाशी वाकून 'तुझा पिक्चर कुठे घालायचा' ते त्याला सांगितलं आणि चालता झाला. त्यानंतर फोर्डने त्याला दहाबारा वर्षं विचारलं नाही. आमच्या ऑफिसात साहेब असं बोलले तर आम्ही चहाला जातो आणि तिथे शूरपणा करतो.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९५३ साल. 'शेन'मध्ये तो झळकला होता, दारूच्या गुत्त्यात हिरोला डिवचणारा आडदांड. नाव होत होतं. आणि याने पिक्चर सोडून वर्षभर रोडिओ करायचं ठरवलं. टीम रोपिंग. दोन स्वार, एक पळता गोऱ्हा. एकाने शिंगांत फास टाकायचा, दुसऱ्याने मागच्या पायांत, सगळं मोजक्या सेकंदांत. वर्षाअखेर तो त्या खेळाचा जगज्जेता झाला. बक्षीस म्हणून कमरपट्ट्याचं बक्कल मिळालं. आणि हिशेब मांडला तर खिशात तीन डॉलरसुद्धा नाहीत, उरली ती खिळखिळी झालेली मोटार आणि भडकलेली बायको. मुकाट्याने परत पिक्चरला आला. पण इतकी पिक्चरं केल्यावरही, त्याला विचारलं तर तो आधी ते बक्कल सांगायचा. शंकरपटात किंवा बैलगाडा शर्यतीत आलेला एक नंबर आपल्याकडे माणूस जन्मभर कसा सांगतो, ते ज्याने ऐकलंय त्याला हे वेगळं समजावायला नको.

मग येतो १९७१. पीटर बॉग्डानोविच नावाचा तरुण दिग्दर्शक 'द लास्ट पिक्चर शो' करत होता. टेक्सासमधलं एक वाळत चाललेलं गाव, तिथलं बंद पडत आलेलं थिएटर, आणि ते चालवणारा सॅम द लायन. सॅमसाठी त्याला जॉन्सनच हवा होता. जॉन्सन नाही म्हणत राहिला. कारणं दोन: स्क्रिप्टमध्ये शिव्या फार आणि बोलायला फार. शेवटी दिग्दर्शकाने साकडं घातलं ते जॉन फोर्डला. फोर्डने फोन करून विचारलं म्हणे, की जन्मभर वेनच्या मागेमागेच करायचंय का तुला? तेव्हा कुठे हा तयार झाला, आपल्या वाट्याच्या शिव्या काढून टाकायच्या अटीवर. पडद्यावर तो आहे जेमतेम दहा मिनिटं. एप्रिल १९७२ मध्ये त्या दहा मिनिटांना सहायक भूमिकेचं ऑस्कर मिळालं. हे याहून चांगल्या माणसाला मिळालंच नसतं, असं स्टेजवर स्वतःच म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं.

तो पिक्चर मी पाहिला तेव्हा तात्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पुण्यात भाड्याची खोली, लॅपटॉप, कानात हेडफोन. एकदम लक्षात आलं, या माणसाचा आवाज मी आजवर ऐकलेलाच नाही. आमच्या घरी तो कायम मुका होता. आवाज आला तो सावकाश, ओक्लाहोमाच्या हेलाचा, कुठे जायची घाई नसल्यासारखा. सॅम एका तळ्याकाठी मासे धरत बसलाय, बरोबर दोन पोरं. तो सांगतो, वीसेक वर्षांपूर्वी इथे एका मुलीला घेऊन आलो होतो. तिच्या डोक्यात आलं, घोडे घालून हे तळं पोहून पार करू. चांदीच्या डॉलरची पैज लावली तिने, मी तुझ्या आधी पोचेन. आणि पोचली. कॅमेरा हळूहळू त्याच्या तोंडाजवळ येतो, मधेच ढगातून ऊन पडतं, मग कॅमेरा तसाच मागे जातो. अख्ख्या प्रसंगात घोडा एकही दिसत नाही.

ऐकून झाल्यावर मी तो प्रसंग मागे नेला, आवाज बंद केला आणि तात्यांसारखा बघितला.